शेवटची भैरवी: अंबाजोगाईतल्या एका सीडी प्लेअरच्या निवडीचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका दुपारी सरांचा फोन आला. "अरे, प्लेअर डिस्क आत घेतो, दोन मिनिटं कुरकुरतो आणि 'नो डिस्क' लिहून मोकळा होतो. आता किती दिवस ओढायचं? एकदाच काय तो चांगला घेऊन टाकू. तू ये."

सर म्हणजे अंबाजोगाईला कॉलेजात मला गणित शिकवलेले प्राध्यापक. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली. माझं लातूरला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, १९९६ पासून. सरांच्या घरचा रेडिओ, टेप, ॲम्प्लिफायर, सगळं माझ्या हातून गेलेलं. नव्या प्लेअरसाठी त्यांनी अडीच लाख रुपये बाजूला काढले होते. आमच्याकडं प्राध्यापकाच्या घरातसुद्धा गाणं ऐकण्याच्या एका डब्यासाठी अडीच लाख ही फार मोठी रक्कम आहे. ती चुकीच्या जागी जाऊ नये ही जबाबदारी माझी होती. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही काय पाहिलं, काय मोजलं आणि कशावरून ठरवलं, ते इथं मांडतो. चाचणीसाठी आणलेल्या यंत्रांची नावं मुद्दाम देत नाही. मॉडेलं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, तपासायची पद्धत तीच राहते.

घरात काय होतं

डिस्क ६१२. बहुतेक हिंदुस्थानी शास्त्रीय, थोडं नाट्यसंगीत, थोडी भजनं. सरांचं कान घडवणारं विद्यापीठ म्हणजे परभणी आकाशवाणी आणि शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, जो १९५२ पासून चालत आला. पुढं अंबाजोगाईत नोव्हेंबरात होणाऱ्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहातली गाण्याची सत्रं त्यांनी क्वचितच चुकवली. डिस्क त्यांनी गायकांच्या नावानं लावलेल्या नाहीत, रागांच्या वेळेनं लावल्या आहेत. वरच्या खणात भैरव-तोडी, खाली उतरत उतरत मालकंस-दरबारी.

यातल्या सत्तरेक डिस्क कारखान्यात दाबून काढलेल्या नव्हत्या, घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडी-आर होत्या. आणि त्यातली एक सगळ्यांत मोलाची. सरांचे थोरले भाऊ, त्यांना घरात दादा म्हणत, हौशी गायक होते. १९९१ च्या कोजागरीची घरची बैठक कुणीतरी कॅसेटवर धरली होती. २००४ मध्ये सरांनी ती पुण्यात एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतली. पुढं कॅसेटला बुरशी लागली, मग दादाही गेले. दादांचा आवाज आता त्या एकाच चकतीवर. सुरुवातीला पूरिया धनाश्री, मधे दोन पदं, शेवटी भैरवी.

हॉल बारा बाय अठरा, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, दोन भिंतींना पुस्तकांची कपाटं. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर चांगल्या दर्जाचे, दहा वर्षांपूर्वी घेतलेले, त्यांना हात लावायची गरज नव्हती.

जुना प्लेअर उघडला. भिंगावर धुळीचा पातळ राखाडी पापुद्रा. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी मऊ होते आणि ट्रेच्या फटीतून आत जाते. सीडीवर आवाज गोल गोल फिरत जाणाऱ्या एका बारीक रेघेत लिहिलेला असतो. तिच्या शेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून जास्त रेघा. ७८० नॅनोमीटरचा लेझर त्यावर नेम धरून बसलेला असतो, आणि हे भिंग सूक्ष्म तारेवर सतत वरखाली, डावीउजवीकडं हलत तो नेम सांभाळत असतं. त्यावर धूळ बसली की परत येणारा उजेड कमी होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिंग पुसलं, ट्रेचा सैल पडलेला रबरी बेल्ट बदलला, दोन दिवस प्लेअर चालला आणि पुन्हा तेच. लेझरच संपत आला होता. तो चार वर्षांपूर्वी बदलला होता, पण शहरातल्या बाजारातून आलेला तो सुटा भाग अस्सल निघाला नव्हता. हा अनुभव मी मनात पक्का धरून ठेवला, कारण पुढच्या निवडीत त्याचं वजन पडणार होतं.

अडीच लाखांत नेमकं काय विकत मिळतं

सीडी हे फार काटेकोर ठरवून दिलेलं माध्यम आहे. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानमध्ये विक्रीला आला, तेव्हापासून डिस्कवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, दोन बाजू, असाच आहे. महागड्या प्लेअरला डिस्कमधून स्वस्त प्लेअरपेक्षा जास्त माहिती मिळत नाही. आकडे दोघांना सारखेच मिळतात, मिळाले तर. पैसे जातात ते यांत्रिक भागावर, वीजपुरवठ्याच्या भागावर, आकड्यांचं पुन्हा आवाजात रूपांतर करणाऱ्या डॅकच्या आजूबाजूच्या सर्किटवर, आणि पेटीवर. पेटीवर किती जातात हे झाकण उघडणाऱ्याला कळतं. दहा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग सुंदर दिसतो, आणि त्याची किंमत लाखाच्या यंत्रात चांगलीच मोजावी लागते.

डॅकच्या चिपवरून लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत स्पष्ट आहे: आजची कुठलीही बरी डॅक चिप सीडीच्या १६ बिटांना पुरून उरते. त्या चिपच्या नावावर पन्नास हजार जास्त देऊ नयेत.

सरांना मात्र वेगळ्याच गोष्टीत रस वाटला. ओरखडा पडलेली डिस्क तरीही वाजते कशी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रीड आणि सॉलोमन यांची १९६० ची पद्धत आहे, आवाजाचे तुकडे इकडंतिकडं विखरून लिहिलेले असतात आणि सोबत जादा आकडे असतात, त्यावरून हरवलेले आकडे पुन्हा काढता येतात. सर खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे सान्त क्षेत्रावरच्या बहुपदी! अरे, हे मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं, आणि ते माझ्या घरात रोज चालू होतं!" मग त्यांनी वहीत मांडून दाखवलं: वक्रावरचे पुरेसे बिंदू हाताशी असले तर गाळलेला बिंदू कसा ठामपणे सांगता येतो. सीडीत ही व्यवस्था रेघेवरचा जवळजवळ अडीच मिलिमीटरचा सलग खड्डा पूर्ण भरून काढू शकते, तोही अंदाजानं नाही, मूळ आकडे जसेच्या तसे. त्याहून मोठा खड्डा असेल तर प्लेअर आजूबाजूचे नमुने पाहून मधला भाग अंदाजानं भरतो, आणि तेही जमलं नाही तर आवाज क्षणभर बंद करतो.

पण हे सगळं लेझर रेघेवर टिकून राहिला तरच. रेघ सुटली तर बहुपदी काय करणार? म्हणून माझ्या लेखी महाग प्लेअरची खरी परीक्षा रेघ न सोडण्यात आहे. ही परीक्षा दुकानात कुणी घेत नाही. दुकानात वाजते ती दुकानदाराची कोरी करकरीत डिस्क.

पर्याय कोणते, ते थोडक्यात. सगळ्या डिस्क संगणकावर उतरवून नेटवरून किंवा हार्डडिस्कवरून ऐकणं सरांना नको होतं. डिस्क हातात घ्यायची, सोबतची पुस्तिका चष्मा लावून वाचायची, हा त्यांच्या ऐकण्याचाच भाग आहे, आणि मला तो मान्य आहे. एका मित्रानं ऐंशीच्या दशकातले फिलिप्सच्या टीडीए१५४१ चिपचे जुने प्लेअर सुचवले. ती यंत्रं मलाही प्रिय आहेत, पण त्यांचे सुटे भाग आता जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात. सत्तरीकडं आलेल्या माणसाच्या गळ्यात ते बांधणं मला पटलं नाही. उरले तीन मार्ग: सव्वादोन लाखांचा, एसएसीडीही (सीडीहून जास्त तपशील धरणारी डिस्क) वाजवणारा, उचलताना दोन माणसं लागावीत असा भारी प्लेअर; एक लाख चाळीस हजारांचा, फक्त सीडी वाजवणारा मध्यम आकाराचा प्लेअर; आणि नुसतं वाचन करणारा ट्रान्सपोर्ट अधिक वेगळा डॅक, अशी दोन डब्यांची जोडी. केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी हा अशा ट्रान्सपोर्टचा माहितीतला नमुना, त्यात डॅक नसतोच, फक्त डिजिटल आउट असतो.

पुण्याच्या एका दुकानदारानं अनामत ठेवून पहिले दोन प्लेअर आठ दिवसांसाठी दिले. जोडी छत्रपती संभाजीनगरच्या एका रसिकाकडून आणली.

पहिलाच दिवस: हमिंग

भारी प्लेअर लावला, ॲम्प्लिफायर चालू केला, आणि स्पीकरमधून घूं असा आवाज. हमिंग. तानपुऱ्याच्या षड्जाखाली आणखी एक भलताच षड्ज. सरांचा चेहरा उतरला. मी प्लेअरच्या पेटीला बोटाची मागची बाजू लावली, तर मुंग्या आल्या. टेस्टर लावला, दिवा लागला.

दोष प्लेअरमध्ये नव्हता. अशा यंत्रांत विजेचा गोंगाट गाळायला फेज आणि न्यूट्रलपासून पेटीकडं छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा बारीक प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटकं असेल तर पेटीच अधांतरी राहते आणि तो प्रवाह जोडणीच्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून ॲम्प्लिफायरकडं वाट काढतो. तेच हमिंग म्हणून ऐकू येतं.

घरामागं अर्थिंगचा खड्डा शोधला. लिंबाच्या झाडाशेजारी, वर फरशी, फरशीखाली भेगाळलेली माती. हात घातला तर कोरडी ठणठणीत. सरांचा वायरमन आला, फरशीवर वाकून बसलेलं आम्हाला बघून म्हणाला, "काय करलालाव सर? त्यात पाणी कुणी घातलंच नाही की दहा वर्षांत!" अगदी खरं बोलला. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात 'पेटीला झटका बसतो' ही तक्रार रोजची झाली होती. प्यायला पाणी नाही तिथं अर्थिंगच्या खड्ड्यात कोण ओतणार?

दोन बादल्या पाणी ओतलं. पंधरा मिनिटांनी हमिंग निम्म्यावर, संध्याकाळपर्यंत गेलं. पुढच्या आठवड्यात नवा खड्डा खणून जीआयचा पाइप, कोळसा आणि मीठ घालून नीट अर्थिंग करून घेतलं, वर पाणी घालायला नरसाळं ठेवलं. साडेसात हजार रुपये. या संपूर्ण प्रकरणात आवाजात सगळ्यांत मोठा फरक त्या साडेसात हजारांनी पडला. ती दुरुस्ती आधी झाली नसती, तर आम्ही निर्दोष प्लेअर सदोष म्हणून परत केला असता.

कोणता चांगला वाजतो?

दुसऱ्या दिवशी भारी आणि मध्यम असे दोन प्लेअर एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. सरांना कोणता चालू आहे ते दिसू नये म्हणून कपाटाच्या कडेला पडदा लावला आणि बटण मी फिरवायचं ठरलं. चौदा वेळा ऐकवलं. बारा वेळा सरांनी भारी प्लेअर निवडला. "स्वर जास्त भरीव आहे, जवळ आहे," ते म्हणाले. त्यांनीच वहीत गणित केलं: निव्वळ योगायोगानं चौदात बारा किंवा अधिक वेळा तोच निवडला जाण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी.

मग मी मल्टिमीटर काढला. चाचणीच्या डिस्कवरचा १ किलोहर्ट्‌झचा स्वर लावून दोन्ही प्लेअरचं आउटपुट मोजलं. मध्यम प्लेअर २.० व्होल्ट, भारी प्लेअर २.३ व्होल्ट. फरक १.२ डेसिबल. एवढा फरक कानाला 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, 'चांगला आवाज' म्हणून जाणवतो. दुकानात माणूस फसतो तो इथं, आणि विकणाराही अनेकदा नकळतच फसवतो.

स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजून दोन्हींचा आवाज सारखा केला. पुन्हा तीच बंदिश, तोच पडदा. या वेळी प्रत्येक फेरीत कोणता चालू आहे ते सरांनी ओळखायचं. सोळांपैकी नऊ बरोबर. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. नाणं उडवलं तरी सोळात नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता चाळीस टक्के. "म्हणजे मला फरक कळला नाही," ते शांतपणे म्हणाले. सरांचा कान मी ओळखतो. गायकाचा निषाद केसभर उतरला तरी त्यांना कळतो. त्यांना जिथं फरक कळला नाही, तिथं त्या फरकासाठी ८५ हजार मोजणं मला मान्य नव्हतं.

एक गोष्ट मात्र पडद्याआडूनही कळली. भारी प्लेअरचं यंत्र फिरताना अगदी गप्प होतं. मध्यम प्लेअरची बारीक घरघर डिस्कच्या सुरुवातीला चार फुटांवरून ऐकू येई. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि रेघेवरचा वेग कायम ठेवायचा असल्यानं सुरुवातीला ती मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते, शेवटी दोनशेवर येते. त्यामुळं पहिल्या आलापात घरघर, द्रुतापर्यंत शांत. सरांची खुर्ची नऊ फुटांवर आहे, तिथून काही ऐकू येत नव्हतं. तरी हा गुण मी भारी प्लेअरच्या खात्यात प्रामाणिकपणे लिहिला.

दोन डब्यांची जोडी वेगळ्याच कारणानं मागं पडली. नव्या डिस्कवर ती तितकीच छान वाजली. पण ऐंशीच्या दशकातली एक सारंगीची डिस्क लावली आणि सारंगी कानाला टोचायला लागली. ही डिस्क सरांना पाठ आहे. "ही अशी नाही," ते लगेच म्हणाले. संगणकावर डिस्कची माहिती काढून पाहिली, तर प्री-एम्फसिसची खूण सापडली. सुरुवातीच्या काळात काही डिस्कवर उंच स्वर मुद्दाम वाढवून लिहीत, जवळजवळ दहा डेसिबलपर्यंत, आणि प्लेअरनं ती खूण वाचून ते पुन्हा खाली आणायचे असं ठरलेलं होतं. संपूर्ण प्लेअर हे काम गुपचूप करतो. या जोडीतला डॅक ती खूण पाहतच नव्हता. सरांच्या संग्रहात अशा सात डिस्क निघाल्या. घरी जुन्या डिस्क असतील आणि जोडी घ्यायचा विचार असेल, तर हे आधी नक्की तपासा.

शिवाय काकूंचं म्हणणं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "सकाळी भजन लावायला मला दोन डबे आणि दोन रिमोट नकोत." त्याही त्या घरात रोज ऐकतात. त्यांचं मत मी सरांच्या मताइतकंच धरलं.

वाईट डिस्कची परीक्षा

शेवटचे तीन दिवस मी फक्त खराब डिस्क लावल्या. सरांना सांगितलं, कपाटातल्या सगळ्यांत वाईट वीस काढा. त्यांनी काढल्या: ओरखडे पडलेल्या, माळ्यावर उन्हाळा काढून किंचित वाकलेल्या, दोन तपकिरी पडलेल्या. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या काही डिस्क कडेपासून अशा तपकिरी होत गेल्या, हे जगभर माहीत आहे. कडेपासून आत सरकणारा तो रंग दिसला की ती डिस्क ताबडतोब उतरवून ठेवावी. एका टाकाऊ डिस्कवर मी काळ्या मार्करनं अर्धा, एक, दीड आणि दोन मिलिमीटर जाडीच्या रेघा केंद्रापासून कडेकडं ओढल्या. दोन्ही प्लेअरनी दीडपर्यंतच्या रेघा बिनतक्रार ओलांडल्या. दोनच्या रेघेवर भारी प्लेअर अडखळला.

मग दादांची डिस्क. सरांनी ती कागदी पाकिटातून कडेला धरून काढली, मऊ मलमलीनं केंद्राकडून कडेकडं सरळ पुसली. गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा रेघेच्या बाजूनं लांब पसरतो, सरळ ओरखडा प्रत्येक रेघेला क्षणभरच छेदतो. हे मी त्यांना फार पूर्वी सांगितलं होतं, त्यांनी ते पाळलं होतं.

भारी प्लेअरनं डिस्क लगेच ओळखली. पूरिया धनाश्री स्वच्छ. पदं स्वच्छ. भैरवीला चार मिनिटं झाली आणि आवाज तुटायला लागला. एक शब्द, पोकळी, अर्धा शब्द, पोकळी. मग प्लेअर मागं उडी मारून तीच ओळ पुन्हा वाजवू लागला. सरांनी हात वर केला. मी बंद केला.

कारण साधं आहे. मैफलीत भैरवी शेवटी येते आणि डिस्कची शेवटची मिनिटं सगळ्यांत बाहेरच्या कडेला लिहिली जातात. बोटं लागतात ती कडेला, हवा आणि ओल शिरते ती कडेतून, डिस्क वाकली तर सगळ्यांत जास्त हेलकावा कडेलाच. त्यात कारखान्यातल्या सीडीवर असतात तसे दाबलेले सूक्ष्म खड्डे सीडी-आरवर नसतात, जळलेल्या रंगद्रव्याच्या खुणा असतात, ऊन आणि उष्णता त्या पुसट करतात. वीस वर्षं अंबाजोगाईचे उन्हाळे काढलेल्या डिस्कची भैरवीच आधी जाणार.

मध्यम प्लेअरमध्ये डिस्क घातली. ओळखायला त्यानं नऊ सेकंद घेतले, भारी प्लेअरच्या दुप्पट. भैरवी आली. चार मिनिटांशी एक बारीक 'टक्‌', आणि पुढं दादा गात राहिले, शेवटच्या तिहाईपर्यंत, मागं कुणीतरी "वाहवा" म्हटलेल्या आवाजापर्यंत. आम्ही तीनदा लावून पाहिलं. तीनदा तेच, तिथंच एक टक्‌. काकू हात पुसत बाहेर येऊन बसल्या होत्या.

निर्णय तिथंच झाला. तरी पैसे देण्यापूर्वी मी दुकानदाराला दोन्ही यंत्रांबद्दल तीन प्रश्न विचारले: लेझरचा भाग सुटा मिळतो का, कोणत्या क्रमांकाचा, आणि दुरुस्ती कुठं होते. भारी प्लेअरचं वाचनयंत्र अख्खंच बदलावं लागतं आणि यंत्र कंपनीकडं पाठवावं लागतं. मध्यम प्लेअरचा लेझर प्रचलित प्रकारचा, अधिकृत मार्गानं सुटा मिळणारा. एसएसीडीचा प्रश्न तर नव्हताच. सरांकडं एकही एसएसीडी नाही, आणि वेगळ्या तरंगलांबीचा दुसरा लेझर सांभाळणारं यंत्र कशासाठी घ्यायचं?

मध्यम प्लेअर घेतला. सोबत एक अस्सल लेझर जादा घेऊन ठेवला, तो सीलबंद पाकिटात सरांच्या कपाटात आहे, पाकिटावर माझ्या हातानं तारीख. उरलेल्या पैशांतून चांगला स्टॅबिलायझर, प्लेअरला धूळ लागू नये म्हणून काचेचं दार असलेलं पण मागून उघडं कपाट, समोरच्या फरशीवर जाड सतरंजी, आणि स्पीकरसमोरच्या उघड्या भिंतीवर काकूंच्या आईनं शिवलेली वाकळ. ती काकूंनीच सुचवली. टाळी वाजवली की हॉलमध्ये आधी झणझण उठायची, ती विरली. तबल्याच्या बायाँची घुमक पहिल्यांदा वेगळी ऐकू आली. एवढं करून अडीच लाखांतले साठेक हजार शिल्लक राहिले.

दादांची डिस्क मी लातूरला नेली आणि संगणकाच्या ड्राइव्हवर सगळ्यांत कमी वेगानं रात्रभर वाचायला लावली. जो भाग वाचला जात नव्हता तो ड्राइव्हनं पुन्हा पुन्हा वाचला. पहाटे पाहिलं तर टक्‌ होता तिथलेही आकडे सलग मिळाले होते. तीन प्रती काढल्या, एक सरांना, दोन दादांच्या मुलांना, आणि मूळ डिस्क काळ्या कागदात गुंडाळून कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवली.

सरांनी प्रत लावली. भैरवी झाली. ते म्हणाले, "त्या टक्‌च्या जागी 'सखी' शब्द आहे, हे मी विसरूनच गेलो होतो."

आता दर रविवारी सकाळी काकू तुळशीला पाणी घालतात, आणि मग मागच्या दारी जाऊन नरसाळ्यातून एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यात.